क्रोमच्या खाली

बोरिवली-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत जिन्याखाली एखादी येझदी किंवा बुलेट ताडपत्री पांघरून उभी असते. वडिलांची असते, नाहीतर काकांची. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. गाड्या मात्र अजून किक मारली की सुरू होतात. इंजिनाचं काम करणारा मेकॅनिक सापडतो. अडतं ते रिमवर, हँडलवर आणि सायलेन्सरवर उठलेल्या तांबूस ठिपक्यांपाशी.

हा गंज आतून वर येतो. आपण ज्याला क्रोम म्हणतो, त्याचा सर्वांत वरचा थर साधारण अर्धा मायक्रॉनही नसतो, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहून कमी. त्यात सूक्ष्म भेगा असतातच. लोखंडाला खरं राखतं ते त्याखालचं वीस-तीस मायक्रॉनचं निकेल. ते कुठे पातळ पडलं की खाऱ्या, दमट हवेला लोखंडापर्यंत वाट मिळते. निकेलच्या संगतीत लोखंड आधी झिजतं, म्हणून सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून गंज फुटतो. चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीचा वारा पुढचं काम करतात.

असे पार्ट घेऊन लोक साकीनाका, मरोळ किंवा कुर्ल्याच्या गाळ्यांत जातात. एका गाळ्यात बफिंग, शेजारी प्लेटिंग. आलेल्या प्रत्येक वस्तूला इथे ‘जॉब’ म्हणतात, मग तो नळ असो की बुलेटचा मडगार्ड. जुनं क्रोम आधी आम्लात उतरवतात, मग निकेल काढतात. उघड्या लोखंडावर गंजाचे खड्डे दिसू लागतात आणि खरं काम तिथून सुरू होतं. बफिंगवाला पट्ट्यावर, मग एमरी लावलेल्या चाकावर, शेवटी कापडी चाकावर जॉब धरतो. हात किंचित जास्त दाबला गेला तर कड गोल होते आणि रिमवरची कारखान्याची ठशाची अक्षरं पुसली जातात. पातळ मडगार्डला तर भोकही पडू शकतं. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा कारागीर हाच, आणि त्याचंच नाव कोणी विचारत नाही. क्रोम खड्डा झाकत नाही, उलट उजळून दाखवतं.

त्यानंतर तांबं, मग निकेल. खोल खड्डा असेल तर तांबं जाड चढवून पुन्हा घासतात. क्रोमच्या टबात जॉब काही मिनिटंच राहतो. भांड्यांची कल्हई करताना कथील वितळवून पुसतात. इथे धातू विजेच्या जोरावर द्रावणातून येऊन बसतो. टबात लोंबकळणारे पत्रे शिशाचे असतात, क्रोमियम सगळं क्रोमिक आम्लाच्या पाण्यात. ही रीत विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात बाजारात आली आणि मूळ कृती फारशी बदललेली नाही.

तिची खोट मोठी आहे. दिलेल्या विजेचा जेमतेम पंधरा-वीस टक्के भाग धातू बसवण्यात लागतो. बाकीची बहुतेक हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. ते बुडबुडे फुटताना आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि वर्षानुवर्षं ते श्वासात गेलेल्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. टबावर चांगला एक्झॉस्ट हवा, हातात मोजे हवेत. आपल्या रिमच्या चमकीची किंमत कोणाच्या तरी नाकाने मोजली जाऊ नये, एवढं तरी गिऱ्हाइकाने पाहायला हवं.

पाण्याचंही तसंच. साकीनाका-कुर्ल्याच्या मागून मिठी वाहते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या नदीकडे शहराचं लक्ष गेलं आणि तिच्या काठच्या छोट्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्नही चर्चेत आला. नीट चालवलेल्या युनिटमध्ये धुण्याच्या पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून क्रोमियम कमी घातक रूपात आणतात, चुन्याने खाली बसवतात आणि तो गाळ तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवतात. याला पैसे लागतात. अगदी स्वस्तात क्रोम करून देणारा कुठे वाचवतो, हे विचारून घ्यावं.

काही पार्ट मात्र टबात देऊच नयेत. काजळी भरलेला सायलेन्सर आतून पूर्ण साफ झाल्याशिवाय चांगला प्लेटर घेत नाही. आतली घाण टब बिघडवते. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट यांत हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतात. प्लेटिंगनंतर लगेच साधारण १९० ते २०० अंशांवर काही तास भाजले नाहीत तर चालत्या गाडीत तुटू शकतात. फोर्कच्या पाईपला तर चमकीचं क्रोम चालतच नाही. तिथे सीलचं सततचं घासणं सोसणारं जाड हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंगने माप आणावं लागतं, आणि त्याचं दुकान वेगळं असतं.

ठिपके वरवरचे असतील तर प्लेटिंगचा विचारही करू नये. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली की बरेचसे निघतात; क्रोम फॉइलहून कितीतरी कठीण असल्याने ओरखडा पडत नाही. मग कोरडं पुसून मेण लावावं, आणि पावसाळ्यात ताडपत्री घट्ट न बांधता खालून हवा खेळती ठेवावी.