काळ्याच्या पोटातलं पांढरं

टायरवरची पांढरी अक्षरं रंगवलेली नसतात. १९७० सालच्या शेव्हरले शेव्हेलचा किंवा फोर्ड मस्टँगचा फोटो पाहिला की चाकावरचं ते ठसठशीत 'गुडइयर' कुणीतरी ब्रशनं काढलंय असं वाटतं. टायरवर अक्षरं रंगवायचे पेनही बाजारात मिळतात, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. पण ते पांढरं रबर असतं, टायर घडतानाच त्याच्या अंगात भरलेलं. हे एकदा ध्यानात आलं की जुन्या गाडीसाठी असा टायर कसा निवडायचा, कसा धुवायचा आणि त्यावर काय अजिबात ओतायचं नाही, याची निम्मी उत्तरं मिळून जातात.

टायरच्या बाजूसाठी रबराची लांब पट्टी यंत्रातून दाबून काढतात. जिथे अक्षरं येणार, तेवढ्या जागी या पट्टीत पांढऱ्या रबराचा थर घातलेला असतो. टायरला काळेपणा देणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, या थरात नसते; त्याऐवजी टायटेनियम डायऑक्साइडसारखं पांढरं रंगद्रव्य असतं. त्यावर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा चढवतात. कच्चा टायर साच्यात जातो, उष्णतेनं आणि दाबानं पिकतो, साच्यात कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत रबर शिरतं आणि अक्षरं उठून येतात. साच्यातून निघालेला टायर नखशिखांत काळाच असतो. मग उठलेल्या अक्षरांच्या माथ्यावर घासायचं चाक फिरवतात, काळा पापुद्रा निघून जातो आणि आतलं पांढरं उघडं पडतं. यालाच 'रेझ्ड व्हाइट लेटर' म्हणतात. काही टायरवर अक्षराची फक्त कड पांढरी ठेवतात. तो प्रकार पुढच्या काळातला, आणि जुन्या गाडीवर तो मला तरी परका वाटतो.

रबर मुळात काळं नव्हतंच. झाडाचा चीक दुधासारखा, आणि मोटारींच्या पहिल्या काळातल्या टायरमध्ये झिंक ऑक्साइड मिसळत असल्यानं ते मळकट पांढरे दिसत. काजळी मिसळली की रबर कितीतरी कमी झिजतं आणि उन्हालाही दाद देत नाही, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं. १९१० नंतर अमेरिकेतल्या टायर कंपन्या काजळी वापरू लागल्या. रस्त्याला टेकणारा भाग काळा आणि बाजू पांढरी, असे टायर काही काळ निघत होते. पुढे टायर पूर्ण काळा करणं सोपं झालं, तेव्हा बाजूचा पांढरा पट्टा मुद्दाम राखला जाऊ लागला आणि ते श्रीमंतीचं लक्षण ठरलं. पन्नाशीच्या दशकातल्या कॅडिलॅकवर हा 'व्हाइटवॉल' वीतभर नसला तरी चांगला रुंद असे. १९६२ च्या मॉडेलांपासून तो बारीक रेघेइतका झाला.

त्या पट्ट्यावर कुणाचंच नाव नव्हतं. नाव आलं ते शर्यतीच्या मैदानातून. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावात बी. एफ. गुडरिच, गुडइयर आणि फायरस्टोन या तिन्ही कंपन्या शेजारी शेजारी वाढल्या. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९२० पासून १९६६ पर्यंत प्रत्येक वेळी फायरस्टोनच्या टायरवरच जिंकली गेली. १९६७ साली ए. जे. फॉइटनं गुडइयरच्या टायरवर ती जिंकली आणि ही मालिका तुटली. अशा चढाओढीत गाडी कुणाच्या टायरवर धावतेय हे प्रेक्षकाला दुरून आणि छायाचित्रात दिसायलाच हवं होतं, म्हणून शर्यतीच्या टायरवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत झळकत असे.

त्याच वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यांवर मसल कारचं वेड पसरलं होतं: मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओला लाल रेघेचे टायर मिळत. पुढे फायरस्टोननं 'वाइड ओव्हल' हा बसका, रुंद टायर आणला. गुडइयरनं १९६७ मध्ये 'पॉलीग्लास' काढला. त्याचा सांगाडा पॉलिएस्टरचा आणि वरचे पट्टे काचतंतूंचे. त्याच्या 'जीटी' आवृत्तीवर पांढरी अक्षरं उठली. १९७० ची शेव्हेल एसएस एफ७०-१४ आकाराच्या पांढऱ्या अक्षरांच्या टायरवर आली. त्याच वर्षीची बॉस ३०२ मस्टँग आणि कॅमारो झी-२८ एफ६०-१५ वर. शर्यतीत जे दिसत होतं ते आपल्या दारातल्या गाडीवर असावं, ही त्या गिऱ्हाइकाची हौस होती. कंपनीची जाहिरात आपल्या गाडीवर मिरवण्यासाठी लोकांनी आनंदानं पैसे मोजले. गाड्यांच्या सजावटीच्या इतिहासात इतका मोठा पालट मला दुसरा दिसत नाही.

आज अशी गाडी जपणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो टायरच्या घडणीचा. पॉलीग्लास आणि वाइड ओव्हल हे तिरप्या धाग्यांचे, म्हणजे बायस जातीचे टायर. ते आजही जुन्या रूपात तयार होतात. अशा कामात टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा इथल्या कोकर टायर या कंपनीचं नाव जगभरचे जुन्या गाड्यांचे मालक घेतात. गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल आणि परीक्षक अक्षराचं वळणसुद्धा तपासणार असतील, तर हेच टायर हवेत. पण ते रस्त्यावर सांभाळावे लागतात. रस्त्यातल्या खाचांच्या मागे गाडी ओढली जाते, पावसात पकड कमी, आणि महिनाभर गाडी एका जागी उभी राहिली की टेकलेला भाग चपटा होऊन पहिले काही मैल चाक ठेचकाळत चालतं.

गाडी चालवण्यासाठी असेल तर रेडियल घ्यावा, हे मी निःशंकपणे सांगेन. बी. एफ. गुडरिचचा 'रेडियल टी/ए' सत्तरच्या दशकापासून पांढऱ्या अक्षरांत मिळतोय आणि अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात सर्वांत जास्त तोच दिसतो. कूपरचा 'कोब्रा' हा दुसरा भरवशाचा पर्याय. या टायरकडून आजच्या स्पोर्ट्स टायरची पकड मागू नये. रेडियल टी/ए बहुतेक आकारांत 'एस' दर्जाचा आहे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या सस्पेन्शनवर आणि ब्रेकवर धावणाऱ्या गाडीला तेवढं पुष्कळ झालं.

आकार ठरवताना जुनी खूण वाचता यायला हवी. एफ७०-१४ मधलं पहिलं अक्षर टायरची भार पेलण्याची ताकद सांगतं. वर्णमालेत पुढचं अक्षर म्हणजे मोठा टायर. ७० म्हणजे टायरची उंची त्याच्या रुंदीच्या ७० टक्के, आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आजच्या मापात एफ७०-१४ च्या जवळ २१५/७० आर १४ येतो आणि एफ६०-१५ च्या जवळ २३५/६० आर १५. हे 'जवळ' महत्त्वाचं आहे, कारण रुंदी थोडी जरी वाढली तरी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. चारही चाकांवर एकाच घडणीचे टायर असावेत. एकाच अ‍ॅक्सलवर बायस आणि रेडियल कधीही एकत्र लावू नयेत. वळणावर दोन्हींचं वागणं वेगळं असतं आणि गाडी हातातून जाते.

नव्या मालकांना माहीत नसलेली एक सोयही सांगायला हवी. पांढरी अक्षरं टायरच्या एकाच बाजूला असतात, दुसरी बाजू काळी. ज्या टायरवर फिरण्याची दिशा ठरवून दिलेली नाही, तो उलटा चढवून अक्षरं आत ठेवता येतात.

दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टायरचं वय. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा. हौसेची गाडी वर्षाला थोडी धावते, म्हणून टायरची नक्षी झिजत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. रबर मात्र आतून कडक होत जातं. कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, आणि टायर कंपन्यांच्या लेखी दहा वर्षं ही सहसा शेवटची मर्यादा. घासूनपुसून लख्ख केलेली अक्षरं म्हातारा टायर तरुण भासवतात. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच आधी ते चार आकडे शोधावेत.

आता धुण्याचं. नव्या टायरची अक्षरं बहुधा निळ्या रंगाखाली झाकलेली असतात. गोदामात एकमेकांवर रचलेल्या टायरच्या काळ्या रबराचा डाग पांढऱ्यावर पडू नये, म्हणून लावलेला तो लेप असतो. टायर बसवल्यावर कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश यांनी तो काढून टाकावा. त्याला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, आणि तो आपोआप जाईल म्हणून उन्हात महिनोन् महिने ठेवूही नये.

अक्षरं पिवळी का पडतात? रस्त्यावरची धूळ आणि ब्रेकची भुकटी हे एक कारण, पण मुख्य कारण टायरच्या आत असतं. हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतो. त्याला अडवण्यासाठी काळ्या रबरात विशिष्ट रसायनं आणि मेण घातलेलं असतं. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, ओझोनला तोंड देतात आणि तपकिरी होतात. टायरच्या बाजूवर येणारी तांबूस झाक ती हीच. पांढऱ्या रबरात डाग न पाडणारी रसायनं वापरतात, पण त्याला शेजार काळ्याचाच आहे आणि काळ्यातलं थोडंफार तिकडे सरकतंच.

यावरून कळतं की टायर चकाकवणारे तेलकट, पेट्रोलियमयुक्त लेप इथे वैरी का ठरतात. ते आतली रसायनं विरघळवून वर ओढतात, आणि दोन दिवसांच्या चकाकीनंतर अक्षरं आधीपेक्षा जास्त पिवळी होतात. टायरला लेप लावायचाच असेल तर पाण्यावर आधारलेला घ्यावा, थेट न फवारता फडक्यावर घेऊन फक्त काळ्या भागावर फिरवावा.

ब्लीचबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. त्यानं अक्षरं पटकन पांढरी होतात हे खरं, पण क्लोरीन रबराला कोरडं करतं, चिरांना वाट देतं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर डाग पाडतं. मी ते कुणालाही वापरू देणार नाही.

चांगली रीत साधी आहे. गाडी सावलीत, टायर थंड झालेला. आधी टायर धुवावेत आणि मग बॉडी, म्हणजे तपकिरी शिंतोडे धुतलेल्या रंगावर उडत नाहीत. पाण्यानं माती काढून, सौम्य साबण किंवा पातळ केलेलं क्लीनर लावून मध्यम कडक ब्रशनं टायरची सगळी बाजू घासावी. नुसती अक्षरं घासून भागत नाही, कारण भोवतालचा तांबूस थर पुन्हा त्यांच्यावरच उतरतो. फेस तपकिरी येतोय तोवर घासणं आणि धुणं चालू ठेवावं; क्लीनर टायरवर वाळू देऊ नये. मग अक्षरांवर मेलामाइनचा पांढरा स्पंज किंवा साबणाची बारीक घासणी फिरवावी. फुटपाथच्या कडेला घासून पडलेला काळा ओरखडा एवढ्यानं गेला नाही, तरच बारीक वॉटरपेपर ओला करून हलक्या हातानं वापरावा. कारखान्यात पापुद्रा काढताना जे झालं तेच आपण इथे करत असतो. पांढऱ्या थराची जाडी मोजकी आहे, आणि दर वेळी तो थोडा संपतो. झिजलेल्या अक्षरांवर रंगाचं पेन फिरवणं हा उपाय मला पटत नाही: चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू वाकते, रंग तडकतो, आणि खालचं खरं पांढरं कायमचं झाकलं जातं.

गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टायरवर ऊन पडू देऊ नये. जवळ वेल्डिंग किंवा चालती विजेची मोटर नसावी, कारण दोन्हींतून ओझोन निघतो. काढून ठेवलेले टायर रचताना पांढऱ्या बाजूवर पांढरी बाजू येऊ द्यावी.

डेट्रॉइट परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सगळं एकत्र पाहायची सोय घराजवळच आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' भरतं. तिथे इंजिनांइतकंच टायरांकडेही पाहावं, कोणत्या मालकानं काय निवडलंय ते लगेच कळतं. मुंबईची गोष्ट वेगळी. जनरल मोटर्सनं १९२८ पासून १९५४ पर्यंत शिवडीत शेव्हरले गाड्या जुळवल्या, कुर्ल्यात प्रीमियरनं डॉज आणि प्लिमथ जुळवल्या. त्यांतली एखादी कुणाच्या घरी अजून जपलेली असेल तर देखणेपणाच्या मोहानं तिला पांढऱ्या अक्षरांचे टायर चढवू नका. ती अक्षरं तिच्या काळात नव्हती. तिला पांढरा पट्टा किंवा साधा काळा टायरच शोभतो.