तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवसांच्या रजेवर मालवणास आला होता. तो एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याला खोकल्याची ढास लागली, तेव्हा माझ्या बहिणीने सवयीप्रमाणे होमिओपॅथीची बाटली काढली आणि अर्धा पेला पाण्यात दहा थेंब घातले. भाच्याने बाटली हातात घेऊन लेबल वाचले आणि पेला हळूच बाजूला सारला. ‘‘आई, यात अल्कोहोल आहे. उद्या मला ड्यूटीवर जायचे आहे.’’

बहिणीचा चेहरा पडला. ‘‘आपल्या घरात चार पिढ्यांत कोणी त्या वस्तूला शिवले नाही. आणि माझ्या मुलाने रोज यंत्रात फुंकर मारून दाखवायची, की तो प्यायलेला नाही? हा अपमान नव्हे तर काय?’’ भाचा हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘मामा, आता तुम्हीच समजावा.’’

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढली. तपासणी करणे आणि तपासणी करून घेणे हाच तेथील नित्यधर्म होता. तरीही त्या क्षणी मला चटकन उत्तर सुचले नाही. कारण बहिणीचे दुःख खोटे नव्हते.

आधी नियम पाहू. आपल्याकडे विमानसेवकांना मद्यप्राशन आणि उड्डाण यांत किमान १२ तासांचे अंतर राखावे लागते; पण केवळ तास मोजून सुटका होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार श्वासचाचणीचा आकडा शून्यच यावा लागतो, आणि तोही दशांश चिन्हापुढे तिन्ही शून्ये. रस्त्यावर मोटार चालविणाऱ्यास मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली आहे. ब्रिटनमध्ये वैमानिकास २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत ती ४० मिलिग्रॅम असून अंतर ८ तासांचे आहे. आपल्याकडे सूट नाही. पहिल्यांदा दोषी आढळल्यास परवाना तीन महिने निलंबित होतो, दुसऱ्यांदा तीन वर्षे, आणि तिसऱ्यांदा तो रद्दच होतो.

इतकी कठोरता कशासाठी? उंचावर उडणाऱ्या विमानात हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असला, तरी तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकाच असतो. आपल्या महाबळेश्वराहूनही ती हवा विरळ. तेथे निरोगी माणसाच्या मेंदूलाही प्राणवायू किंचित कमी मिळतो. त्यात मद्याची भर पडली तर निर्णयशक्ती मंदावते. शिवाय रक्तातले मद्य यकृत आपल्याच गतीने, ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या हिशेबाने निकालात काढते. कडक कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही. रात्री उशिरा मर्यादा सोडलेला माणूस सकाळी ताजातवाना दिसतो, पण त्याच्या रक्ताचा हिशेब तोवर मिटलेला नसतो.

हे केवळ पुस्तकी भय नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या एका सहवैमानिकास अटक झाली. त्याच्या रक्तातील मद्य तेथील मर्यादेच्या नऊ पटींहून अधिक होते. न्यायालयाने त्यास दहा महिन्यांचा कारावास दिला. त्या अटकेनंतर दोनच आठवड्यांत दिल्लीहून लंडनला निघालेल्या विमानाच्या वैमानिकाची चाचणी सदोष आली. तो वैमानिक दुसरा तिसरा कोणी नसून एअर इंडियाचे खुद्द संचालन विभागाचे संचालक होते. त्यांचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला. अधिकारपद कितीही मोठे असो, नळी सर्वांसाठी सारखीच, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आता बहिणीच्या बाटलीकडे येऊ. श्वासचाचणीच्या यंत्रात एक इंधन-घट असतो. श्वासातील अल्कोहोलच्या वाफेचे त्यात ऑक्सिडीकरण होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तोच आकड्याच्या रूपाने दिसतो. ते अल्कोहोल मद्यशाळेतून आले की औषधाच्या बाटलीतून, हे त्या बिचाऱ्या यंत्रास कळत नाही. चूळ भरण्याचे माउथवॉश, काही खोकल्याची औषधे, होमिओपॅथीचे अर्क यांत अल्कोहोल असते. आपली आसवे आणि अरिष्टेही आंबवूनच तयार होतात. त्यांच्या बाटलीवर ‘स्वयंजनित अल्कोहोल’ ही नोंद बारीक अक्षरांत छापलेली असते. म्हणूनच २०२३ मध्ये डीजीसीएने नियम सुधारून अल्कोहोलयुक्त औषधे, माउथवॉश, दातांचे जेल असे पदार्थ वापरण्यास वैमानिकांना व केबिन कर्मचाऱ्यांना स्पष्ट मनाई केली.

तोंडात रेंगाळलेली वाफ साधारण पाव तासात विरते, रक्तातून फुप्फुसात येणारी मात्र विरत नाही. यासाठीच पहिला आकडा शून्याहून वर आला, तर १५ ते २० मिनिटांनी दुसरी चाचणी घेण्याची तरतूद आहे. चाचणी डॉक्टर किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यासमोर होते आणि तिचे चित्रीकरणही होते. दहा थेंब सकाळपर्यंत शरीरात उरणार नाहीत हे भाच्यालाही ठाऊक होते. पण नियमाने मना केलेली वस्तू ‘एवढ्याने काय होते’ म्हणून घेण्याची सवयच नको, असे त्याचे म्हणणे होते. मला ते पटले.

भाच्याची स्वतःची तक्रार मात्र फुंकरीची नव्हती, सुरक्षा तपासणीची होती. आपल्या देशात अतिमहत्त्वाच्या काही पदाधिकाऱ्यांना या तपासणीतून सूट आहे. त्या यादीत वैमानिक नाहीत. पट्टा काढा, बॅग उघडा, हात पसरून उभे राहा, हे त्यालाही प्रवाशाप्रमाणेच चुकत नाही. एकदा त्याचे नखे कापण्याचे यंत्र काढून घेण्यात आले. तो सांगत होता, ‘‘मामा, पाच मिनिटांनी मी ज्या खुर्चीत बसलो, तिच्यामागे आगीच्या प्रसंगी वापरायची कुऱ्हाड टांगलेली असते. अख्खे विमान माझ्या हाती, आणि नेलकटरचे भय!’’

आम्ही सारे हसलो. पण या नियमामागे एक रक्तलांछित नोंद आहे. ७ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेत यूएसएअर कंपनीच्या एका बडतर्फ कर्मचाऱ्याने जुन्या ओळखपत्राच्या बळावर तपासणी टाळून पिस्तूल पीएसए कंपनीच्या विमानात नेले. वैमानिकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, विमान कोसळले आणि त्यातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे कर्मचाऱ्यांचीही तपासणी सक्तीची झाली. गणवेश शिवून मिळतो आणि ओळखपत्र परत न करता ठेवताही येते. तपासनीस चेहऱ्यावरून मन वाचू शकत नाही. त्याला प्रत्येकासाठी एकच रीत पाळावी लागते. पुढे अमेरिकेत ओळख पटलेल्या विमानसेवकांसाठी वेगळी, जलद व्यवस्था निघाली. तीतही अचानक तपासणी ठेवलेली आहेच.

येथे मला माझी बँक आठवली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. एकट्याने ती उघडत नसे. वीस वर्षे एक पैचाही फरक न पडलेल्या रोखपालाची रोकडही अचानक मोजली जाई. सुरुवातीस मलाही ते खटके. एकदा एका वृद्ध रोखपालांकडे मी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब, मोजा. उद्या कोणी बोट दाखवले, तर तुमची सहीच माझी साक्षीदार.’’ आपल्या पेढीवरच्या तराजूलाही वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. त्यामुळे दुकानदार लबाड ठरत नाही. उलट गिऱ्हाईक निःशंक होते.

मात्र ही उपमा अर्धीच खरी आहे, हेही कबूल केले पाहिजे. रोकड पुन्हा मोजता येते. एका चुकीच्या आकड्याने उठलेली कुजबुज पुन्हा मिटवता येत नाही. म्हणून यंत्र वेळच्या वेळी प्रमाणित केलेले असणे, दुसरी संधी मिळणे आणि तपासनिसाची वाणी सभ्य असणे, हा वैमानिकाचा हक्क आहे. दुसरी गोष्ट व्यसनाची. मार्च १९९० मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एका विमानाचे तिन्ही वैमानिक मद्याच्या अमलाखाली विमान चालविल्याबद्दल पकडले गेले आणि तिघांनाही कारावास झाला. त्यांतील मुख्य वैमानिक लाइल प्राउस यांनी उपचार घेतले, परवान्याच्या परीक्षा नव्याने दिल्या आणि त्याच कंपनीत परतून ते जंबो विमानाचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. शिक्षेचा धाक हवाच. पण व्यसन हा आजारही आहे, आणि परतीची वाटच नसेल तर माणूस आजार लपवितो. लपविलेला आजार आकाशात अधिक घातक ठरतो.

आपल्या सिंधुदुर्गात ९ ऑक्टोबर २०२१ रोजी परुळे-चिपी येथे विमानतळ सुरू झाला, मोपाही जवळ आला. आपल्या घरांतील मुलेमुली आता या व्यवसायात जाऊ लागली आहेत, आणि आपण सारे प्रवासी तर आहोतच. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरी वैमानिक किंवा केबिन कर्मचारी असेल, तर औषध देण्यापूर्वी लेबल वाचावे आणि खोकला-तापात त्यांच्या कंपनीच्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. प्रवासी म्हणून निघताना तिखटाची व मसाल्याची पूड हातातल्या पिशवीत ठेवू नये, ती मोठ्या सामानात द्यावी. नारळही हातातल्या सामानात चालत नाही. २०२४ च्या हंगामात शबरीमलेच्या यात्रेकरूंसाठी तेवढी तात्पुरती सवलत द्यावी लागली होती. सुक्या नारळातील तेलामुळे तो आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून धोकादायक मालात त्याची गणना होते. हे ठाऊक असले, की तपासणीच्या रांगेत आपला आणि त्या कर्मचाऱ्याचा, दोघांचाही संताप वाचतो.

दुसऱ्या दिवशी भाचा निघाला, तेव्हा बहिणीने त्याच्या हाती आले, तुळस आणि गवती चहाच्या काढ्याचा थर्मास दिला. बाटली तिने कपाटात परत ठेवली होती. रात्री त्याचा फोन आला, की मुक्कामी पोहोचलो आणि पहाटे चाचणी आहे. फोन ठेवताना ती त्याला म्हणाली, ‘‘फुंकर जोरात मार हो.’’