रियाजाच्या खोलीतली ऊब

आमच्या ग्वाल्हेरची पौषातली थंडी पुणेकर पाहुण्याला सांगून पटत नाही. पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, आणि वाड्याच्या दगडी भिंती दिवसभर गारठा सोडीत नाहीत. वडील रियाजाला बसत तेव्हा शेगडी जवळ असे, पण खिडकी उघडी! कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. बंद खोलीत तो झोपेतच घात करतो.

आता विजेचा हीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड मुलखातल्या घरांसाठी किमान १८ अंश सुचवले. वृद्धांना त्याहून अधिक लागतात. आईला २१ हवेत. तेवढ्यात तंबोऱ्याच्या तारा उतरतात, तबल्याची पुडी मात्र चढते. मग हीटर आईच्या पलंगाशी नेतो, आणि शाल पांघरून तंबोरा पुन्हा लावतो.