पॅरासिटामॉल, घाटी आणि घड्याळ

होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एक औषध हमखास सापडतं, ते म्हणजे पॅरासिटामॉल. ताप आला, डोकं दुखलं, घे गोळी! पण हीच गोळी कुणी टेन्शनमध्ये किंवा चुकून जास्त घेतली, तर हॉस्पिटलमध्ये काय करतात? हे आपल्या सगळ्यांना माहीत असावं, असं मला वाटतं.

या ओव्हरडोसचा खरा धोका असा, की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, बस्स. "ठीक आहे रे मी, झोपू दे" असं तो म्हणतो आणि आपणही गप्प बसतो. आत मात्र वेगळंच चालू असतं. लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलपासून थोडा विषारी पदार्थ तयार होतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं. डोस जास्त झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि लिव्हरच्या पेशी मरू लागतात. कावीळ दिसायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर उशीर झालेला असतो.

यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. त्यापासून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होतं. 8 तासांच्या आत तो सुरू झाला तर लिव्हर बहुधा वाचतंच. नंतरही उपयोग होतो, म्हणून उशीर झाला तरी जायचंच. गोळ्या घेऊन 4 तास झाल्यावर रक्तातली पातळी तपासतात आणि 1975 सालच्या रुमॅक-मॅथ्यू ग्राफवर मांडतात. आपल्या ओळखीचा सेमी-लॉग ग्राफ! पॉइंट रेषेच्या वर गेला की सलाइनमधून उतारा. वेळच माहीत नसेल तर ग्राफ निरुपयोगी, म्हणून किती वाजता घेतल्या ते विचारून ठेवा.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मित्राला एकटं सोडू नका. रिकामी स्ट्रिप सोबत घ्या आणि 108 ला फोन करा किंवा थेट घाटी गाठा.

पोलिसांची भीती वाटते? हॉस्पिटल नोंद करतं, पण आधी उपचार, असं सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय. आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तणावग्रस्त मानतो, सरकारने त्याची काळजी घ्यावी म्हणतो.

रेक्टर रागावतील, घरी कळेल, ते सगळं नंतर निस्तरता येईल. गेलेली वेळ मात्र परत येत नाही. आणि मन जड झालं असेल, तर गोळ्यांच्या आधी फोन उचला: टेली-मानस, 14416, चोवीस तास.