रोखलेला श्वास

१६ जून २०१९, रविवारची दुपार. कोलकात्यात हावडा पुलाजवळ चंचल लाहिरी या जादूगाराला हातपाय साखळदंडांनी आणि दोरांनी जखडून, कुलपे लावून क्रेनने हुगळी नदीत सोडण्यात आले. 'जादूगार मँड्रेक' या नावाने ते खेळ करीत. पाण्याखाली कुलपे सोडवून पोहत वर यायचे, असा तो खेळ होता. लोक वाट पाहत राहिले, पण लाहिरी वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला.

याच लाहिरींचा २०१३ सालचा एक प्रसंग आहे. तेव्हा त्यांना पिंजऱ्यात कोंडून नदीत सोडले होते. पिंजऱ्याच्या दारातून ते बाहेर पडताना काठावरच्या लोकांना दिसले आणि लोकांनी "फसवलेस" म्हणत त्यांना मारहाण केली. आता सांगा, जादूगार फसवणार नाही तर काय करणार? पैसे देऊन आपण फसायलाच जातो ना! पण पाण्याचा खेळ आला की बघ्यांची नजर बदलते. युक्ती नको, माणूस खरोखर मरणाच्या दारात उभा दिसला पाहिजे, अशी मागणी सुरू होते.

ही मागणी ज्याने नेमकी ओळखली तो हॅरी हुडिनी. जन्म १८७४, बुडापेस्ट शहर, मूळ नाव एरिक वाइस. बाप ज्यू धर्मगुरू. अमेरिकेत आल्यावर त्यांची नोकरी गेली आणि घरात दारिद्र्य आले. पोरगा न्यूयॉर्कमध्ये नेकटायच्या कारखान्यात कापड कापायला लागला. पुढे बेड्या आणि कुलपे उघडण्यात त्याने नाव कमावले. पण बेड्यांच्या खेळाची नक्कल करणारे वाढले, तेव्हा १९०८ साली सेंट लुईस शहरात त्याने दुधाचा मोठा कॅन रंगमंचावर आणला. कॅनमध्ये काठोकाठ पाणी, आत हुडिनी, वर झाकण आणि कुलपे. समोर पडदा ओढायचा. आत जाण्यापूर्वी तो प्रेक्षकांना म्हणे, माझ्याबरोबर तुम्हीही श्वास रोखून बघा. मिनिटभरात बहुतेकांचा दम संपायचा आणि कॅनमधला माणूस अजून बाहेर नाही हे ध्यानात येऊन थिएटर चिडीचूप व्हायचे. या एका वाक्यात त्याची खरी हुशारी होती, असे आम्हांला वाटते.

युक्ती म्हणाल तर साधी. कॅनचा गळा रिबेट ठोकून पक्का बसवल्यासारखा दिसे, पण ते रिबेट खोटे. आतून जोर लावला की कुलपांसकट गळाच वर उचलला जाई. कुलपांना हात लावायची गरजच नाही. तरीही हा खेळ जीवघेणाच. १९३० साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जेनेस्टा नावाचा जादूगार हाच खेळ करीत होता. त्याचा कॅन आधी कधीतरी आपटून चेपला होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. गळा अडकला. त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही.

१९१२ साली हुडिनीने बर्लिनच्या सर्कशीत काचेची पेटी आणली. दोन्ही पाय लाकडी खोड्यात अडकवून त्याला पाण्यात उलटा सोडत. बाहेर त्याचा मदतनीस कुऱ्हाड घेऊन उभा असे, गरज पडली तर काच फोडायला. ऑक्टोबर १९२६ मध्ये या खेळाच्या वेळी खोड्यात त्याचा घोटा मोडला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला डेट्रॉइटच्या इस्पितळात तो वारला, तो मात्र अपेंडिक्स फुटून, पोटात विष पसरल्यामुळे. तो पेटीत बुडून मेला असे पुष्कळांना वाटते. १९५३ च्या सिनेमाने तसे दाखवले म्हणून.

आता श्वासाबद्दल. वाचक बंधू-भगिनींनो, एवढा भाग घरातल्या मुलांना जरूर वाचून दाखवा. श्वास रोखल्यावर छातीत जी तगमग होते ती प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. विहिरीत, खदानीच्या पाण्यात "कोण जास्त वेळ बुडी मारतो" अशा पैजा लावणारी पोरे आधी जोरजोरात श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. मग तगमग उशिरा होते, आणि ती होण्याआधीच मेंदूला प्राणवायू कमी पडून पोरगा गपकन बेशुद्ध होतो. ओरडणे नाही, हातपाय मारणे नाही. वरच्यांना वाटते, पैज जिंकतोय.

हुडिनीला हे अंगमेहनतीने कळले होते. तो थंड पाण्याच्या टबात बसून सराव करी. १९२६ च्या उन्हाळ्यात रहमान बे नावाचा एक फकीर न्यूयॉर्कला आला. बंद शवपेटीत पाण्याखाली राहायचे आणि ती समाधीची दैवी शक्ती म्हणून सांगायचे, हा त्याचा धंदा. आपल्याकडचे बुवा याहून वेगळे काय करतात? मृतात्मे बोलवणाऱ्यांची लबाडी हुडिनीने आधीच जागोजाग उघडी पाडली होती. ५ ऑगस्टला तो स्वतः एका हॉटेलच्या तलावात तसल्याच बंद पेटीत उतरला आणि १ तास ३१ मिनिटे राहिला. वय ५२. समाधी नाही, मंत्र नाही. पेटीत हवा होती तेवढीच. हालचाल करायची नाही, घाबरायचे नाही आणि अगदी उथळ श्वास घ्यायचा, एवढेच आपण केले असे त्याने सर्वांना सांगितले.

आणि त्यानंतर त्याने पेटीतला सगळा अनुभव लिहून अमेरिकन सरकारच्या खाण खात्यातल्या एका डॉक्टरांना पाठवला. खाणीत अडकलेल्या मजुरांना उरलेल्या हवेत जास्त वेळ तग धरता यावा म्हणून.