हरकती, सूचना आणि दोन रुपये पान

सकाळी 6:40. नाशिकचा गंगाघाट. बुधवार, म्हणजे बाजाराचा दिवस. थंडी मी म्हणतेय. दुतोंड्या मारुतीच्या पलीकडे टेम्पो लागलेत, मेथी आणि कांदापात उतरतेय. ती पायऱ्यांवर पॅड गुडघ्यावर ठेवून फॉर्मचे नंबर टाकते. समाजशास्त्रात पीएच.डी. चालू आहे, शिवाय एका संशोधन प्रकल्पावर काम, महिना अठरा हजार. पर्यावरणाचे निर्णय घेताना लोकांना विचारतात म्हणजे नेमकं काय करतात, ते तिला शोधायचंय. हत्यारं: चार पानी प्रश्नावली, दोन पेनं, मोबाइल.

7:10. गिऱ्हाईक वाढायच्या आत बोलून घ्यायला हवं. "मावशी, पाच मिनिटं." "विचार गं ताई, माझे हात चालू राहू दे." मावशी जुड्या बांधतात, एक जुडी दहा रुपये. तपोवनातल्या झाडांचं ऐकलं होतं का? ऐकलं होतं. 2027च्या कुंभमेळ्यात तिथं साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम व्हायचंय, त्यापायी अठराशेच्या आसपास झाडांचा प्रश्न आला. नोव्हेंबर 2025मध्ये गावभर तोच विषय होता. मग हरकत दिली? "मी उठले तर इथं बसणार कोण?"

झाडांचा कायदा 1975चा आहे. झाड तोडायचं तर पेपरात जाहीर सूचना द्यायची, झाडावर नोटीस चिकटवायची. हरकतीला सात दिवस. मावशींकडे पेपर येतो तो रद्दीतून, किलोवर.

पाच मिनिटांची पंचवीस होतात. दोन जुड्या घेऊन ती वीस रुपये पुढे करते. मावशी नको म्हणतात. ती देतेच. ज्याची मुलाखत घेतली त्याच्याकडून फुकट काही घ्यायचं नाही, असा तिचा नियम आहे.

9:20. तपोवन. शेअर रिक्षाचे वीस रुपये. हरकत दिलेले एक निवृत्त काका वाटच पाहत असतात. स्कूटरच्या डिकीतून फाइल निघते, एकेक कागद प्लॅस्टिकमध्ये. "लिहून घे. पन्नास वर्षांचं झाड म्हणजे हेरिटेज, 2021ची दुरुस्ती." ती लिहून घेते. काका दीड तास बोलतात आणि मुद्द्याचं बोलतात. काकांनी लेखी हरकत दिलेली आहे, पोच जपून ठेवली आहे, आवक क्रमांक तोंडपाठ आहे. वहीत ती शेवटी एक ओळ लिहिते: पेन्शन आहे, सकाळ मोकळी.

11:50. सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाचं आवार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ते माहितीच्या अधिकाराच्या अर्जावर चिकटवायचं, मग एका कचेरीत द्यायचं. जुन्या एका जनसुनावणीच्या हरकती हव्यात. आधीच्या अर्जातली 64 पानं आज मिळतात. दोन रुपये पान, म्हणजे 128. सुट्ट्या आठ रुपयांसाठी ती खाली जाऊन चहा पिते.

1:30. झाडाखाली डबा. पोळी, मटकीची उसळ. शेजारी 2006च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेची प्रत, कडेला पेन्सिलीच्या खुणा. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली घ्यायची, तीस दिवस आधी जाहीर करायची, चित्रीकरण करायचं. गणपूर्तीची अट मात्र नाही. पाच माणसं आली काय नि पाच हजार आली काय, सुनावणी झालेली असते. या ओळीखाली तिनं दोनदा रेघ मारलीय.

2:45. वाचनालयातलं टेबल. 64 पानं पसरलेली. एकच मजकूर आणि खाली निरनिराळ्या सह्या, अशी एक गड्डी वेगळी निघते. बाकीची वहीच्या फाडलेल्या पानांवर. एकानं आमराईचा नकाशा काढून विहीर दाखवलीय. ही पानं मला छापील गड्डीपेक्षा भारी वाटली, पण तिच्या तक्त्यात दोन्हींना एकेकच ओळ. रकाने: कोण, कुठला, मागणी काय, निर्णयात बदल झाला का. शेवटचा रकाना अंतिम आदेश हातात येईपर्यंत कोरा.

1969मध्ये शेरी आर्नस्टीन या अमेरिकी बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं ऐकवणं आणि मत विचारणं या दोन्ही पायऱ्या तिथं मधल्या, नावापुरत्या सहभागाच्या. सत्ता वाटून घेणं त्यांच्या वर. नाशकात लोकांनी तिसरीच वाटही धरली: 2012मध्ये गोदावरीच्या प्रदूषणावरून थेट मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका. न्यायालयानं उपाय सुचवायला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला सांगितलं. ही वाट शिडीवर कुठं बसवायची, यावर तिचं आणि मार्गदर्शक मॅडमचं महिनाभर जमलेलं नाही.

8:30. खोली. मेथी निवडून झाली. कानाला हेडफोन. एका तासाचं बोलणं उतरवायला चार तास जातात. काकांचं सरळ उतरतं. मावशींच्या मागे टेम्पोचा हॉर्न, गिऱ्हाइकाची घासाघीस. ती मागे नेऊन पुन्हा ऐकते.

11:15. खर्चाचा कागद. पानांची पावती आहे, रिक्षाची नाही. चहा-मेथी धरायचीच नाही. मग उद्याची प्रश्नावली उघडते. प्रश्न 14: सुनावणीला का गेला नाहीत? पर्याय तीन: माहिती नव्हती, वेळ नव्हता, उपयोग वाटला नाही. ती चौथा टाकते: दिवसाचा धंदा बुडतो. त्यापुढे कंस करते, किती रुपये? उद्या याच्या तीस प्रती काढायच्या, चार पानी.