लेसर यंत्रावर बियाण्याची चकती

हिंगोली जिल्ह्यातील वाचकांस ‘लेसर’ हा शब्द आता अपरिचित नाही. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसर किरण सोडून अतिसूक्ष्म फरक मोजावयाचे आहेत. परंतु हाच किरण कातरीचेही काम करितो, व ते काम शेतकऱ्याच्या मुलांस शिकता येण्यासारखे आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

या कामी बहुधा वापरला जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. नळीतून निघणारा अदृश्य किरण आरशांनी वळवून भिंगाने एका बिंदूवर आणितात. त्या ठिकाणचे लाकूड, पुठ्ठा वा अ‍ॅक्रिलिक जळून अथवा वाफ होऊन जाते. संगणकावर जशी रेषा काढावी, तसा छेद पडतो.

अशा विद्येचा ग्रामीण पाठ आपल्याकडे नवा नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. काम करीत शिकावे हे त्याचे सूत्र. तेथे २००२ साली मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. असल्या कर्मशाळेत लेसर यंत्र हे एक मुख्य साधन होय.

पहिल्या धड्यास आम्ही टोकण यंत्राची चकती सुचवितो. ऐन पेरणीत ती मोडली, किंवा तिची छिद्रे घरच्या सोयाबीनला जुळली नाहीत, तर दुकानातून दुसरी येईपर्यंत वाफसा थांबत नाही.

प्रथम मोजमाप करावे. यंत्राच्या चाकाचा घेर १५० सें.मी. असून चाकाबरोबर चकतीचा एक फेरा होत असेल, आणि दोन दाण्यांत ५ सें.मी. अंतर हवे असेल, तर छिद्रे ३० व त्यांतील कोन १२ अंशांचा येतो. मग वीस-पंचवीस दाणे व्हर्निअरने मोजून, मोठ्यात मोठा दाणा मोकळेपणाने बसेल असे छिद्र ठरवावे. चकतीची जाडी दाण्याएवढीच असावी. अधिक असल्यास एका छिद्रात दोन दाणे शिरतात.

येथेच नवशिका चुकतो. किरणाच्या छेदालाही रुंदी असते. ती ०.२ मि.मी. असल्यास ८ मि.मी. काढलेले छिद्र ८.२ मि.मी. होते, व चकतीचा व्यास तितकाच घटतो. म्हणून आधी एक लहान तुकडा कापून छेद मोजावा व आकृती त्याप्रमाणे सुधारावी. पहिली चकती पुठ्ठ्याची करून बसते की नाही ते पाहावे. पुठ्ठा वाया गेला तर नुकसान थोडे. नंतर अ‍ॅक्रिलिक कापावे, आणि चाक हाताने दहा वेळा फिरवून दाणे मोजावे. ते ३०० च्या आसपास पडले पाहिजेत. फार कमी पडल्यास छिद्र लहान, फार अधिक पडल्यास मोठे समजावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पीव्हीसीचा पत्रा या यंत्रात कधीही घालू नये. त्यातून विषारी व यंत्र गंजविणारा वायू निघतो. आणि कापणी चालू असता यंत्रापासून दूर जाऊ नये, कारण आग लागण्याचे भय असते.

अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असते, हे खरे. परंतु एकदा आकृती बिनचूक ठरली की तीच घेऊन शहरातील कारखान्यातून धातूची चकती कापून आणिता येते. गावोगाव यंत्र विकत घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. उन्हाळ्याच्या सुटीत शाळांनी व शेतकरी मंडळांनी मुलांस अशा कर्मशाळेत न्यावे, आणि मृगापूर्वी प्रत्येकाच्या हाती स्वतः मोजून केलेली एक चकती असावी, एवढीच आमची सूचना आहे.